विच हेझल आणि ग्वाल्हेरचे आंबे

जानेवारीतल्या इंग्लंडला वास नसतो, असं मी पहिली काही वर्षं फोनवर सगळ्यांना सांगत असे. आपल्याकडे प्रत्येक ऋतूचा आपापला वास असतो. पहिल्या पावसाचा, श्रावणातल्या सोनचाफ्याचा, दिवाळीच्या आधी अंगणात सडा घालणाऱ्या पारिजातकाचा, वैशाखातल्या मोगऱ्याचा आणि माळ्यावर पिकायला घातलेल्या आंब्यांचा. इथे नोव्हेंबर ते मार्च सगळं बंद. खिडक्या बंद, दारं बंद, झाडं बंद, माणसंही बऱ्यापैकी बंद. नाकाला काम फक्त वाहण्याचं. :-)

मग एका जानेवारीत दुपारी बारा-साडेबाराला बसची वाट बघत उभी होते. चुकून ऊन पडलं होतं. आणि कुठून तरी वास आला. गोड, पण मोगऱ्यासारखा अंगावर येणारा नाही. मधात चिमूटभर जायफळ घातलं तर येईल तसा काहीसा. आधी मी शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे बघितलं, म्हटलं अत्तर असेल. पण वाऱ्याबरोबर वास जायचा आणि परत यायचा. शेवटी बसस्टॉपच्या मागच्या कुंपणाशी गेले तर आत एक झुडूप. पान एक नाही. नुसत्या काड्या आणि काड्यांना चिकटलेली पिवळीधमक कातरणं. राखीचे रेशमी धागे विस्कटून टाकावेत ना, अगदी तशी. मी वाकून वाकून वास घेतेय हे बघून त्या घरातले आजोबा बाहेर आले. "विच हेझल," म्हणाले, "चिनी आहे." आणि मग जरा थांबून, "तुमची बस गेली."

तिथून सुरुवात झाली. हिवाळ्यात फुलणारी आणि वास असणारी अशी बरीच झुडपं इथल्या बागांमधून आहेत हे हळूहळू कळत गेलं. विंटरस्वीट आहे, हिवाळी हनिसकल आहे, घराच्या सावलीत निमूट वाढणारं सार्कोकोका आहे, नेपाळच्या डोंगरातली डॅफ्नी आहे (हिच्या सालीचा तिकडे कागद करतात). गंमत म्हणजे यांतली बहुतेक आशियातली. इंग्रजांच्या हिवाळ्याला जो काही वास आहे तो जवळजवळ सगळा आपल्या बाजूनं आलेला आहे! मग मला एक नादच लागला. दर वेळी नवीन झाड दिसलं की हे इथे आलं कधी, आणलं कुणी, कसं, हे शोधत बसायचं. नवरा म्हणतो, लोक झाडं लावतात, तू त्यांची पासपोर्ट तपासणी करतेस. असो.

त्याआधी हे सांगायला हवं, की हिवाळ्यात फुलणाऱ्यांना एवढा वास का. कारण अगदी व्यवहारी आहे. थंडीत किडे कमी. जे असतात ते ऊन असेल तेवढा वेळच बाहेर पडणार. त्यांना लांबून बोलवायचं तर वासासारखं दुसरं साधन नाही. फायदा एवढाच की आजूबाजूला दुसरं कुणी फुललेलं नसतं, त्यामुळे आलेला किडा दुसऱ्या दुकानात जात नाही. शिवाय फुलाला घाई करून चालत नाही. कडक थंडी पडली की विच हेझल आपल्या चारही पाकळ्या आत गुंडाळून घेतं आणि ऊब आली की पुन्हा उलगडतं. असं करत करत फुलं आठवडेच्या आठवडे टिकतात. वाट बघणं हा त्यांचा स्वभावच आहे म्हणा ना.

मी पहिल्यांदा मागे लागले ती विंटरस्वीटच्या. मेणाची केल्यासारखी फिकट पिवळी फुलं, आतून जांभळट तांबडी, खाली माना घातलेली. चिनी लोक याला 'ला-मेइ' म्हणतात, म्हणजे मेणाचं मेइ. मेइ हे त्यांचं हिवाळ्याच्या शेवटी फुलणारं लाडकं झाड. त्याच्याशी याचं नातं काही नाही, पण फुलायची वेळ आणि वास यांवरून नाव पडलं. हे नाव रूढ झालं ते अकराव्या शतकात, सू शी आणि हुआंग टिंगज्यान या कवींमुळे. बाराव्या शतकात फान चंगदा नावाच्या एका अधिकाऱ्यानं, तोही कवीच, मेइच्या प्रकारांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं हेही बजावून सांगितलंय की ला-मेइ हे खरं मेइ नव्हे, आणि वर हेही, की बियांपासून आलेलं कलम न केलेलं झाड सगळ्यात हलकं, फुलं बारीक आणि वास कमी. म्हणजे कलमं बांधून चांगल्या वासाची झाडं राखायची हे त्यांना आठशे वर्षांपूर्वी पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडे हापूसचं कलम आणि रायवळ यांच्यावरून जे बोललं जातं तेच!

इंग्लंडात हे झाड आलं १७६६ साली, वूस्टरशरमधल्या क्रूम इथे, लॉर्ड कॉव्हेन्ट्री यांच्या बागेत. हे आमच्यापासून गाडीनं तासाभरावर आहे. १७५१ पासून पुढे केपेबिलिटी ब्राऊननं घडवलेली ही बाग म्हणजे त्याचं पहिलं मोठं काम. लॉर्डसाहेबांना जगभरची झाडं जमवायचा षोक. त्या काळात चीनमधून काही आणायचं तर एकच दार, कँटन. तिथे कंपनीची जहाजं चहा भरायला जायची आणि परतताना कुणी कुणासाठी चार रोपंही आणायचं. समुद्राची खारी हवा, पाण्याची टंचाई, विषुववृत्ताची उष्णता, यातून सहा-सहा महिने काढून बरीचशी मरायची. हे जगलं. आणि आल्यावर त्याला काचघरात ठेवलं गेलं, कारण चीनमधलं म्हणजे उबदार देशातलं, थंडी कशी सोसेल! बर्फात फुलणारं झाड आणि त्याला थंडी लागेल म्हणून आत ठेवलेलं. मला हे वाचून आईनं आमच्याबरोबर दिलेले तीन मफलर आठवले.

त्याचं शास्त्रीय नाव चिमोनँथस. जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१९ मध्ये दिलं. ग्रीकमध्ये खेइमोन म्हणजे हिवाळा आणि अँथोस म्हणजे फूल. हा खेइमोन म्हणजे आपल्या हिम आणि हेमंत या शब्दांचा सख्खा चुलतभाऊ. दोन्ही एकाच मुळातून आलेले. म्हणजे त्या झाडाच्या पाटीवर ग्रीकमधून 'हेमंतपुष्प' असंच लिहिलेलं आहे म्हणायचं. क्रूमची आणखी एक गंमत सांगते. १९७९ ते १९८४ या काळात ते घर हरेकृष्णवाल्यांच्या ताब्यात होतं. तिथे त्यांचं इंग्लंडमधलं मुख्य ठाणं होतं आणि जेवणाच्या दालनातल्या नक्षीला त्यांनी दिलेले भडक रंग अजून बघायला मिळतात. कॉव्हेन्ट्रीच्या चिनी झाडाशेजारी दोनशे वर्षांनी मृदंग वाजत होते. कोण कुठून कुठे जाऊन राहील, काही नेम नाही.

क्रूम बघून आल्यावर मी एका रोपवाटिकेत विंटरस्वीटचं रोप हातात घेतलं. विकणारी बाई प्रामाणिक होती. म्हणाली, बियांपासून केलेलं आहे, फुलायला सात-आठ वर्षं धरा, जास्तही लागतील. मी मनातल्या मनात हिशोब केला आणि रोप जागेवर ठेवून दिलं. कारण आम्ही दोन वर्षांसाठी आलो होतो. ही 'दोन वर्षं' तेव्हा सहावी चालू होती.

इथे परदेशात राहणाऱ्या वाचकांना जास्त काही सांगायला नको. पुढच्या वर्षी परत जायचं हे दरवर्षी ठरलेलं असतं. आमच्या बागेवरही ते लिहिलेलं होतं. मी जे काही लावलं ते कुंडीत. कढीपत्ता कुंडीत (तो तर हिवाळ्यात घरातच), तुळस कुंडीत, गुलाब कुंडीत. जमिनीत काही नाही. कुंडी उचलून कुणाला देता येते. जमिनीतलं झाड सोडून जावं लागतं.

दुसरं झाड हिवाळी हनिसकलचं. ते मी विकत घेतलं नाही, मैत्रिणीनं फांदी दिली आणि ती रुजली. दिसायला अगदीच सामान्य. वेल नाही, झुडूपच, फुलं इवलीशी आणि मळकट पांढरी. पण एक काडी पेल्यात ठेवली तर खोलीभर लिंबाच्या फुलांसारखा वास. याची कथा मात्र तितकी साधी नाही.

हे आणलं रॉबर्ट फॉर्च्यूननं, १८४५ मध्ये. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीनं त्याला वर्षाला शंभर पौंड पगारावर १८४३ साली चीनला पाठवलं. तो कँटनच्या पलीकडे शांघाय, निंगबोपर्यंत फिरू शकला याचं कारण, १८४२च्या तहानं चीनला पाच बंदरं उघडावी लागली होती. आणि तो तह झाला पहिल्या अफूच्या युद्धानंतर. ही अफू जायची कुठून? एक बंगालची, कंपनीच्या मक्त्याची. आणि दुसरी माळव्याची. माळवा म्हणजे शिंदे आणि होळकरांचा मुलूख. उज्जैनकडच्या शेतांतली अफू मुंबईला यायची आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून चीनला जायची. त्यांत सगळ्यात मोठं नाव जमशेटजी जीजीभाई यांचं. मुंबईत ज्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय आहे, तेच. ते रुग्णालय उघडलं १८४५ मध्येच. एकाच वर्षी इकडे मुंबईत रुग्णालय आणि तिकडे फॉर्च्यूनच्या काचेच्या पेट्यांतून इंग्लंडला निघालेलं हनिसकल!

काचेच्या पेट्यांचंही सांगायला हवं. लंडनमधल्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी १८२९च्या सुमाराला पतंगाचा कोश एका बंद बाटलीत मातीत ठेवला होता. पतंगाचं राहिलं बाजूला, बाटलीत नेचं उगवलं. बंद काचेत पाणी फिरून फिरून तेच वापरलं जातं हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून वॉर्डच्या पेट्या निघाल्या. पूर्वी जहाजावर मरणारी रोपं आता जिवंत पोचू लागली. फॉर्च्यूननं याच पद्धतीनं पुढे कंपनीसाठी चहाची रोपं चीनमधून हिमालयाच्या पायथ्याला आणली. आपल्या सकाळच्या चहालाही या इतिहासाची थोडी चव आहे.

हे सगळं वाचल्यावर काही दिवस मला त्या हनिसकलचा वास घेताना अवघडल्यासारखं व्हायचं. झाडाचा काय दोष म्हणा. पण आपण दर वेळी 'इंग्रजांनी लुटलं' म्हणून मोकळे होतो. इथे माळव्यातली शेतं, मुंबईची जहाजं, सगळे आपलेच होते आणि भोगलं ते चीनमधल्या घराघरांनी. एवढं लक्षात ठेवून वास घ्यावा, असं मी आता ठरवलंय.

आता ज्या झाडासाठी हा सगळा पसारा मांडला त्याच्याकडे येते. विच हेझल. नावातल्या 'विच'चा चेटकिणीशी संबंध नाही, लवचिक या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द आहे तो. चेटकिणी लोकांनी नंतर आणल्या. बसस्टॉपवरच्या आजोबांचं झाड ज्या जातीचं, ते चिनी विच हेझल, इंग्लंडात आणलं चार्ल्स मॅरीज यानं. हा १८५१ साली जन्मला वॉरिकशरमध्ये हॅम्प्टन लूसी नावाच्या खेड्यात, स्ट्रॅटफर्डपासून जवळ. मी मुद्दाम एका रविवारी जाऊन आले. एव्हन नदी, गावाच्या मानानं फारच मोठं चर्च, चार रस्ते. इथल्या शाळेत त्याला वनस्पतींची गोडी लागली. मग काही वर्षं भावाच्या रोपवाटिकेत काम, मग लंडनच्या प्रसिद्ध व्हीच रोपवाटिकेत. त्यांनी त्याला १८७७ मध्ये जपान आणि चीनला झाडं गोळा करायला पाठवलं. वय सव्वीस.

मॅरीजनं जपानमधून उत्तम झाडं पाठवली. आजही इथल्या बागांत मॅरीजच्या नावाची हायड्रेंजिया आणि व्हायबर्नम सर्रास दिसतात. जपानमध्ये बियांचा एक मोठा साठा होडीबरोबर पाण्यात गेला तर गडी परत डोंगरात जाऊन पुन्हा गोळा करून आला. पण चीनमध्ये मात्र तो यांगत्झे नदीनं वर इचांगपर्यंत गेला, तिथे आठवडाभर राहिला, लोक नीट वागत नाहीत म्हणून मागे फिरला. पुढे काही नवीन मिळण्यासारखं नाही, असं मालकांचं मत झालं. वीस वर्षांनी अर्नेस्ट विल्सन त्याच भागात गेला आणि त्याला शेकडो नवी झाडं मिळाली. मॅरीज आणखी थोडे दिवस पुढे गेला असता तर ती सगळी त्याची होती. त्यामुळे झाडं शोधणाऱ्यांच्या इतिहासात मॅरीज म्हटलं की 'चिकाटी कमी पडली' असा शेरा ठरलेला. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असतो ना तसा, जन्मभर पुसला न जाणारा.

त्याच प्रवासात यांगत्झेच्या काठच्या ज्यूज्यांग परिसरातून त्यानं पाठवलेल्यांत हे विच हेझल होतं. साल १८७९. व्हीच यांच्या कूम वूड इथल्या रोपवाटिकेत ते लावलं गेलं. आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही! जपानी विच हेझल तेव्हा माहीत होतं, त्यातलंच जरा बरं असेल, असं समजून ते एका बाजूला उभं राहिलं. दरम्यान ऑगस्टीन हेन्री या कस्टम खात्यातल्या माणसानं चीनमधून याच जातीच्या वाळवलेल्या फांद्या क्यूला पाठवल्या. त्यांवरून १८८८ मध्ये क्यूच्या डॅनियल ऑलिव्हर यांनी तिला नावही दिलं, हॅमामेलिस मॉलिस. वाळक्या फांदीला नाव मिळालं, आणि तिथून काही मैलांवर जिवंत झाड दर जानेवारीत फुलत होतं, वास सोडत होतं, ते बिननावाचं. शेवटी १८९८च्या सुमाराला क्यूच्या बागेचे प्रमुख जॉर्ज निकल्सन तिथे गेले असताना त्यांनी ते ओळखलं. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं. मग भराभर कलमं बांधली गेली आणि आज इंग्लंडमध्ये जानेवारीत कुठलंही विच हेझल फुललेलं दिसलं तर त्यात बहुतेक या जातीचं रक्त असतंच.

आता या वीस वर्षांत मॅरीज कुठे होता? मी वाचत होते आणि एका ओळीवर थबकले. मॅरीज १८८२ मध्ये हिंदुस्थानात आला. आधी दरभंग्याच्या महाराजांच्या बागांचा प्रमुख म्हणून आणि नंतर ग्वाल्हेरला, शिंद्यांच्या बागांचा प्रमुख म्हणून! ग्वाल्हेर! माझी आत्या ग्वाल्हेरची, लष्कर भागातली. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं गाव झालं म्हणून लष्कर. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो तेव्हा दुपारी कोठीच्या खोलीत आंब्यांची रास घातलेली असायची आणि आम्हां मुलांना तिथे जायला बंदी असायची. त्या बंद दाराच्या फटीतून येणारा वास मला आत्ताही आठवतो.

आणि मॅरीजनं तिकडे काय केलं? आंबे! दरभंग्याजवळ अकबरानं लाख झाडांची आमराई लावली होती असं सांगतात, तो लाखी बाग. तीनशे वर्षांनंतरही त्यातली झाडं जोमदार असल्याची नोंद जी पुस्तकांतून सापडते ती मॅरीजची. हिंदुस्थानातल्या आंब्यांच्या जातींवर त्यानं मोठं हस्तलिखित तयार केलं. एका जातीचा आंबा नीट ओळखायचा म्हणजे बहर बघायचा, कैरी बघायची, पिकलेला बघायचा, चव बघायची आणि मग पुढच्या वर्षी हेच खरं आहे का ते पुन्हा बघायचं. हे काम आठवड्यात मागे फिरणाऱ्या माणसाचं नाही. चिकाटी कमी असलेला हा माणूस हिंदुस्थानातल्या उन्हाळ्यांत वीस वर्षं राहिला आणि १९०२ मध्ये ग्वाल्हेरलाच वारला. परत गेलाच नाही.

मला हे दोन हिशोब शेजारी शेजारी दिसत राहिले. इकडे चीनमधून आलेलं झाड इंग्लंडमध्ये वीस वर्षं अनोळखी उभं. तिकडे ते आणणारा वॉरिकशरचा माणूस वीस वर्षं शिंद्यांच्या बागेत आणि दरभंग्याच्या आमराईत. त्याचं झाड ओळखलं गेलं तेव्हा त्याची चारच वर्षं उरली होती. आणि तिसरी मी, वॉरिकशरच्या शेजारी बसून हे वाचणारी. दोन वर्षांसाठी आलो, त्याला यंदा वीस झाली.

माझ्याकडेही एक विच हेझल होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेलं कलम. अर्थात कुंडीत. विच हेझलला हे मानवत नाही. त्याची मुळं वरवर पसरणारी, त्यांना सतत ओल लागते. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडात पहिल्यांदाच पारा ४० अंशांच्या वर गेला तेव्हा मी दिवसातून दोनदा पाणी घालत होते, तरी पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होऊन गळाल्या. पुढच्या वसंतात बुडातून जोमदार फुटवे आले. मी खूश! मग त्या बसस्टॉपच्या आजोबांना (आता आमची चांगली ओळख आहे) फोटो दाखवला तर म्हणाले, ते कलमाच्या खालून आलेत, छाटून टाका. इथे विच हेझलचं कलम अमेरिकेतल्या विच हेझलच्या खुंटावर बांधतात. आपण रायवळच्या रोपावर हापूस बांधतो तसं. खुंटाचे फुटवे राखले तर तेच जोर करतात, आणि ते फुलतं शरद ऋतूत, बारीक फुलांनी. हव्या त्या वासाचं झाड हळूहळू मागे पडतं. कात्री घेऊन गेले आणि छाटले. जिवावर आलं, कारण वाढत होते ते तेवढेच.

गेल्या वर्षी नाशिकचं घर विकलं. आई-बाबांनंतर बंदच होतं. अंगणातला पारिजातक नवीन मालकांच्या गाडीच्या वाटेत येत होता, तो गेला हे चुलतभावानं सांगितलं. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार. त्या आठवड्यात नवरा मागच्या दाराशी उभा होता, कुंडीकडे बघत. "आता तरी याला जमिनीत लावायचं का?" एवढंच म्हणाला.

नोव्हेंबरात लावलं. आमच्याकडची माती चिकण, पाणी धरून ठेवते पण साचवतेही, म्हणून खड्डा खोल न करता रुंद केला. झाडाला चुनखडीची जमीन चालत नाही, ती सुदैवानं आमच्याकडे नाही. कुजलेल्या पानांचं खत मिसळलं, कलमाचा सांधा मातीच्या वर राहील असं बघितलं, वरून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. जागा निवडली ती स्वयंपाकघराच्या दाराजवळची, जिथे हिवाळ्यातलं दुपारचं ऊन थोडा वेळ तरी येतं. उन्हाशिवाय वास सुटत नाही, आणि लांब लावलं तर जानेवारीत तिथवर जाणार कोण? लावून झाल्यावर छाटायचं नाही, हलवायचं नाही. पुन्हा जागा बदललेली त्याला आवडत नाही म्हणतात.

या जानेवारीच्या शेवटी सतरा फुलं आली. मोजली. सतराच. आत्याला व्हिडिओवर दाखवली. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. मॅरीजची सगळी गोष्ट तिला सांगितली तर म्हणाली, "म्हणजे आमच्या इकडचाच की गं तो." मग फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "वास कसा आहे?" मला सांगता येईना. मध, जायफळ, असं काहीतरी बोलले. ती म्हणाली, "आणि हे पूर्ण मोठं व्हायला किती वर्षं लागतात?"

"दहा-पंधरा तरी," मी म्हटलं.

"मग काय, असशील ना तू तिथे."

या प्रश्नाला गेली वीस वर्षं माझं एक ठरलेलं उत्तर आहे, बघू, पुढच्या वर्षी काय होतं ते. आत्यानंच ते शंभर वेळा ऐकलंय. पण समोर ती सतरा फुलं होती, आणि जमीन उकरून हात मातीत घालून लावलेलं झाड होतं. "हो, असेन," मी म्हटलं. तीही काही बोलली नाही. मग म्हणाली, यंदा उन्हाळ्यात तरी ये, आंबे आले की फोन करते.

असो. आज बऱ्याच दिवसांनी ऊन पडलंय आणि साडेबारा वाजायला आलेत. जरा दाराशी जाऊन येते.